राजरत्न प्रो. माणिकराव
वडोदऱ्याच्या वाडी भागातून दांडिया बाजाराकडे गेले असता जे जुम्मादादा व्यायाम मंदिर लागते, त्याचे आचार्य राजरत्न प्रो. माणिकराव यांचे स्मरण आम्हां वडोदरेकरांस आजही परम आदरणीय वाटते. ज्या मुसलमान उस्तादाच्या पायाशी बसून त्यांनी मल्लविद्या आत्मसात केली, त्या जुम्मादादांचेच नाव या आजन्म ब्रह्मचारी मराठी शिष्याने आपल्या संस्थेस दिले, आणि यापरते कृतज्ञतेचे निर्मळ उदाहरण मला तरी ठाऊक नाही. लेझीम, लाठी इत्यादी देशी व्यायामप्रकारांना सांघिक शिस्त लावताना, कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी भारतीय भाषेत देण्याचा जो प्रघात त्यांनी पाडला, तो माझ्या मते त्यांच्या कर्तृत्वाचा कळस होय. 1954 साली त्यांचे देहावसान झाले. निष्णात हाडवैद्य म्हणूनही त्यांचा लौकिक मोठा होता.