दूरदेशीची गड्डा यात्रा

संक्रांतीला सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. 7 नंदीध्वजांची मिरवणूक संमती कट्ट्यावर येते आणि अक्षता सोहळा होतो. मुलांकडे परदेशी राहणाऱ्या ज्येष्ठांनो, हा सोहळा आपण मोबाइलवर पाहत असाल. परंतु सोलापुरात दुपारचे 12 वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्यासाठी एकट्याने जागरण करू नये. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी तोल जाण्याचा, औषध चुकण्याचा संभव असतो. चित्रण सकाळी नातवंडांना शेजारी बसवून पाहावे. पांढरी बाराबंदी, 68 लिंगे यांविषयी त्यांना सांगावे. मुलांनो, त्या वेळी वडिलांचे डोळे भरून आले, तर विषय बदलू नका. 'बाबा, तुम्ही मिरवणूक कुठून पाहत होता?' असे विचारा. ऐकणारे कोणी असले, की परकेपणाचा भार हलका होतो.