दारूची लंका आणि नागगोळी

उटणे, सुगंधी तेल, पायाखाली फोडलेले कारीट आणि पाठोपाठ फटाक्यांची पहिली माळ, हा नरकचतुर्दशीच्या पहाटेचा पुण्यातील घरोघरचा क्रम. फटाके असावेत की नसावेत, हा वादही आता तितकाच ठरलेला झाला आहे. वाहने बारा महिने धूर ओकतात, मग आमच्याच सणावर डोळा का, असे एक पक्ष विचारतो. दुसरा दम्याच्या रुग्णांकडे बोट दाखवितो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम चालविल्यावर वादास धर्माचाही रंग चढला.

धर्माचे म्हणाल, तर अभ्यंगस्नान, यमतर्पण, लक्ष्मीपूजन, दीपदान ही या पर्वाची विधिविहित अंगे. पितरांना मार्ग दिसावा म्हणून हाती उल्का धरण्याचा विधी निबंधग्रंथांत आहे आणि फटाक्यांचे समर्थक त्याचा आधार देतात. परंतु चूड निराळी आणि दारू निराळी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे व्यासंगी अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी इ. स. १४०० ते १९०० या काळातील शोभेच्या दारूचा इतिहास १९५३ साली प्रसिद्ध केला. पेशव्यांच्या बखरीतील एक मनोहर प्रसंग त्यांनी त्यात दिला आहे. कोट्याच्या राजाकडील दिवाळीचे वर्णन महादजी शिंद्यांनी पेशव्यांना ऐकविले आणि मग पर्वतीच्या पायथ्याशी तशीच दारूची लंका उभारली. शेपटीस आग लागलेल्या हनुमंताने ती जाळली आणि श्रीमंतांनी सरदारांसह तो सोहळा टेकडीवरून पाहिला. म्हणजे हौस जुनी खरीच, मात्र ती दरबारी हौस, विधी नव्हे. शिवाय पाहणारे दूर आणि उंचावर होते, हेही ध्यानात घ्यावे.

आजचे पाहणारे कोठे असतात? पुण्यातीलच चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठाचे विद्यार्थी यांनी २०१६ साली निरनिराळे फटाके जाळून, फुप्फुसात खोल शिरणाऱ्या सूक्ष्म कणांचे मोजमाप केले. सर्वांत वरचा क्रमांक लागला तो नागगोळीचा! एका घनमीटर हवेत ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराच्या माळेचा आकडा ३८,५४०, फुलबाजीचा १०,३९०, भुईचक्राचा ९,४९० आणि झाडाचा ४,८६०. आपल्याकडील चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. क्षणिक उच्चांकाची तुलना दिवसाच्या सरासरीशी करणे शास्त्रशुद्ध नव्हे, हे मान्य. पण क्रम पाहावा. आवाज नाही म्हणून जी निरुपद्रवी ठरविली, तीच काळी वडी पहिली आली. साप कसा वर येतो हे पाहण्यासाठी चार वर्षांचे मूल तिच्यावर ओणवे होते.

वाहनांविषयीची तक्रार खोटी नाही. परंतु वाहनांचा धूर ओसरतो आणि मग फटाक्यांचा येतो, असे घडत नाही. दोन्ही एकाच हवेत मिसळतात. थंडीच्या तोंडावर रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच राहते आणि टेकड्यांनी वेढलेल्या या शहरात धूर रेंगाळतो.

नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने सिद्ध केलेल्या हरित फटाक्यांतून सूक्ष्म कण सुमारे तीस टक्के कमी निघतात. उरलेले सत्तर निघतातच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. पहाटेची माळ त्या वेळेत बसत नाही, म्हणून पुष्कळांना ती खटकली. नागगोळीची वेळ मात्र कोणी पाहत नाही. ती भरदुपारी, आजीच्या देखत, अंगणाच्या फरशीवर जळत असते.