काळा कोट आपल्या पोरीच्या अंगावर

मागच्या भागात आपण हक्कसोडपत्रावर बोललो. त्यानंतर बऱ्याच गटांतून एकच विचारणा आली: वाचून दाखवणारी, समजावून सांगणारी बाई वकील तालुक्याला का नाही? आमचं म्हणणं असं, की ती आपल्याच घरातून निघायला हवी. म्हणून आज वकील कसं व्हायचं ते सांगतो.

वाटा दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, नाहीतर कोणतीही पदवी घेऊन तीन वर्षांचा. शाखेची अट नाही. कला शाखेची मुलगीही चालते. खुल्या गटाला निदान ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. त्याआधी राज्याची सीईटी द्यावी लागते. तो पेपर मराठीतूनही असतो. अर्ज मात्र बारावीच्या परीक्षेच्या आसपासच निघतात, निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष हातचं जातं.

आता इथे नीट ऐका, कारण यात बायाच जास्त अडकतात. दहावी-बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं असेल तर चालतं. पण बारावी न करता, नुसत्या पूर्वतयारीवर थेट पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमाने एलएल.बी.ला प्रवेश नाही. आणि वकिलीची पदवी घरबसल्या, पत्राने मिळत नाही. कॉलेजात हजेरी लागतेच. कोणी 'पैसे भरा, पदवी घ्या' म्हणालं तर तिथून उठा.

फीचं म्हणाल, तर २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाच्या फीमध्ये सरकारची सवलत आहे. आपल्या कॉलेजला, आपल्या प्रवर्गाला ती कशी लागू होते, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सनद घ्यायची, मग अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेची नोंदणी फी कायद्याने ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये बजावलं आहे. सॉलिसिटर म्हणतात ते मुंबईतलं वेगळं काम. तिथे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी आणि वर आणखी परीक्षा. आपल्याला आधी तालुका कोर्ट गाठू.

खरी कसोटी त्यानंतर. ज्युनिअर म्हणून पहिली दोन-तीन वर्षं हातात फारसं काही पडत नाही, कधी एसटीचं भाडंही सुटत नाही. नेमकी तेव्हाच घरात लग्नाची घाई सुरू होते. तेवढी वर्षं घर थांबेल का, हे प्रवेश घेतानाच बोलून ठेवा. गटाच्या कर्जाचा हप्ताही त्या हिशेबाने बांधा.

नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या, तरी बायकांना वकिलीची मुभा देणाऱ्या १९२३ च्या कायद्यापर्यंत त्यांना थांबावं लागलं. आपल्या पोरींना ते दार उघडं आहे. शिवाय तालुका कोर्टाचं काम मराठीतून चालतं, त्यामुळे इंग्रजीच्या धाकाने कोणी मागे फिरू नये.

ज्यांचं शिक्षणाचं वय गेलं असं वाटतं, त्यांनी तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवकाची चौकशी करावी. कोर्टाच्या पायऱ्या ओळखीच्या होतात. आणि तिथेच हेही विचारा: बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. पोटगीचं प्रकरण अडून बसलेली गटात कोणी असेल, तर तिला सोबत घेऊनच जा.