एका ढोलीमागची रांग

वेल्ह्याहून केळदकडे जाताना किंवा भोरच्या हिरडस मावळात एखाद्या देवराईत शिरलात, तर जुन्या बेहड्याच्या नाहीतर आंब्याच्या बुंध्यावरून नजर वर वर नेत जा. जिथे कधीकाळी मोठी फांदी मोडली असेल, तिथे एक काळं भोक दिसेल. ती ढोली. आत पोपट असेल, पिंगळा असेल, सातेरी माश्यांचं पोळं असेल. राखी धनेशाची मादी असली, तर तिने स्वतःला आत लिंपून घेतलेलं असेल. बारीकशा फटीतून चोच बाहेर काढून ती नराने आणलेली उंबरं घेते आणि आठवडेच्या आठवडे बाहेर येत नाही. एवढी भक्कम चोच असूनही धनेशाला ढोली खोदता येत नाही. तयार असेल तीच त्याची.

तयार व्हायला किती काळ लागतो? फांदी मोडते, जखमेत पावसाचं पाणी मुरतं, बुरशी गाभ्यात उतरते, मागून वाळवी येते. सुतार आणि तांबट चोचीने भोक पाडतात, तेही बहुधा आधीच मऊ पडलेल्या लाकडात. बाहेरचं जिवंत लाकूड झाडाला उभं धरतं आणि आतला गाभा हळूहळू रिता होतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात परिसंस्थेचे अभ्यासक डेव्हिड लिंडनमायर यांनी निलगिरीच्या उंच जंगलांत कित्येक दशकं ढोल्यांच्या झाडांची मोजणी केली. तिथे प्राण्यांना राहता येईल अशी ढोली तयार व्हायलाच किमान १२० वर्षं लागतात, मोठ्या ढोलीला त्याहून पुष्कळ जास्त. आपल्याकडे काटेसावरीचं मऊ लाकूड लवकर पोकळ होईल, ऐनाचं उशिरा. हिशेबापुरती मी १५० वर्षं धरतो.

१५० वर्षं म्हणजे किती? शिवराज्याभिषेक १६७४ चा. तेव्हापासून माणसांच्या चौदा पिढ्या झाल्या. त्या साली राजगडाच्या पायथ्याला उगवलेल्या झाडाला १८२४ मध्ये ढोली आली असती. १८२४ मध्ये रुजलेल्याला १९७४ मध्ये. झाल्या दोन पिढ्या. तिसरी आत्ता कुठे पन्नाशीत आहे.

आता खरी गंमत आकड्यांची, आणि ती मनाला चटका लावणारी आहे. गुरांच्या तोंडातून वाचून माणसाएवढी झालेली १०० झाडं घ्या. दर वर्षी शंभरातलं एक झाड मरतं असं समजा. वादळ, वीज, कुऱ्हाड, वणवा, काहीही कारण असो. १५० वर्षांनी २२ झाडं उरतात. बरं वाटतं. आता शंभरात एकाऐवजी दोन झाडं जाऊ द्या. निम्मी, म्हणजे ११, उरतील असं वाटतं ना? उरतात ५. आणि वर्षाला तीन गेली तर एकच! चक्रवाढ व्याज कर्जदाराला जसं खातं, तसंच ते इथे झाडांना खातं. देवराईच्या कडेचं वर्षाला एखादं जादा झाड सरपणाला गेलं तर कुणाला कळतही नाही. त्याचा जाब १५० वर्षांनी द्यावा लागतो, आणि तोही धनेशाला.

हाच हिशेब उलटा करा. एखाद्या रानात ढोलीची १०० झाडं कायम राहावीत असं आपल्याला वाटतं. तीही पडत राहणार, म्हणून त्यांच्या मागे तरुण झाडांची रांग हवी. वर्षाला शेकडा एक मरत असेल, तर रांगेत साधारण ३५० झाडं पुरतात. शेकडा दोन मरत असतील तर जवळजवळ २,००० लागतात. शेकडा तीनला साडेनऊ हजार! ढोल्या तेवढ्याच, शंभर. आणि ही रांग सगळ्या वयांची हवी: पाच वर्षांची, तीसची, ऐंशीची, एकशे चाळीसची. एकाच पावसाळ्यात लावलेली साडेनऊ हजार रोपं ही रांग होत नाही. ती सगळी एकाच पायरीवर उभी असतात.

म्हणून तोडीचं चक्र ठरलेल्या रानात ढोलीचं उत्तर फार क्रूर येतं. झाडं तोडायची, खुंटांना धुमारे फुटू द्यायचे आणि ४० वर्षांनी पुन्हा तोडायची, ही पद्धत आपल्या वनखात्यांत दीर्घकाळ चालली. तिथे ढोल्या कमी होतात असं नाही. तिथे त्या शून्य असतात, कारण ४० वर्षांच्या पुढे कुणाला जाऊच दिलं जात नाही. व्हिक्टोरियात चक्र ८० वर्षांचं होतं, तरी गणित तेच. तिथल्या सरकारने १ जानेवारी २०२४ पासून नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड थांबवली. ढोलीत राहणाऱ्या लेडबीटर पॉसम या इवल्याशा प्राण्यासाठी लढणाऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता.

आपल्याकडे जुनी झाडं राखण्याचं काम देवाच्या धाकाने झालं. वाघजाई, शिरकाई, भैरोबा, म्हसोबा यांच्या नावाने राखलेल्या रानात वाळकी काटकीही न्यायची नाही, हा नियम मला वनशास्त्राच्या दृष्टीनेही फार मोलाचा वाटतो. मेलेलं, पोखरलेलं झाडही उभं राहू देणारा दुसरा नियम मला माहीत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि परिसंस्थेचे अभ्यासक माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची पाहणी केली, तेव्हाच त्या झपाट्याने तुटत होत्या.

इथे आज्ञापत्राची आठवण येते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असं बजावलं आहे. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, हे त्याचं कारण. वाढीच्या काळाचा इतका स्पष्ट विचार तीनशे वर्षांपूर्वी मराठीत झाला, याचा मला अभिमान वाटतो. पण त्यात एक सूट आहे: झाड अगदी जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावं. ढोली नेमकी जीर्ण झाडातच असते. लाकडाच्या हिशेबात जे झाड संपलं, तिथून पाखरांचा हिशेब सुरू होतो.

राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यावर जाळायला, ऐनाच्या फांद्या तोडणारा शेतकरीही या गणितात दोन्हीकडून येतो. कोयत्याची प्रत्येक जखम बुरशीला दार उघडते, म्हणजे ढोलीला मदतच होते. पण झाड फार ओरबाडलं गेलं तर ते दीडशेपर्यंत पोचतच नाही.

आज उभी असलेली ढोलीची १०० झाडं वर्षाला शेकडा दोनने पडत गेली, तर ५० वर्षांनी ३६ उरतील, १०० वर्षांनी १३. नव्या रोपाला तोवर ढोली येणार नाही. ही दरी भरू शकतात ती फक्त आज मध्यम वयात असलेली झाडं. भोरजवळचं भाटघर धरण १९२७ मध्ये पुरं झालं. त्या साली उगवलेला बेहडा अजून रांगेत आहे. त्याची पाळी २०७७ मध्ये येईल. प्रत्येक देवराईत त्याच्या वयाचे किती बेहडे, किती आंबे, किती जांभळं शिल्लक आहेत, हे आजच मोजता येतं. छातीच्या उंचीवर घेर घ्यायला एक टेप लागते, एक वही, आणि गावातली वाट माहीत असलेली दोन माणसं.