पुन्हा धावायचे, पण दमाने

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपली वडील माणसे सांगत. ते आपण ऐकतो. पण अंगात थोडी ताकद आली की विसरतो.

मीही एकदा विसरलो होतो. मी हेडमास्तर होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेतला एक मुलगा लांब पल्ला धावण्यात फार पटाईत होता. फौजेत जायचे त्याच्या मनात होते. एके दिवशी बैलगाडीवरून पडून त्याच्या नडगीचे हाड मोडले. ते सांधले, तोच विषमज्वर झाला. दीड वर्ष असेच गेले. मग तो हिंडूफिरू लागला आणि मला भेटायला आला. मी त्याची पाठ थोपटली. म्हणालो, "आता दाखव बघू पहिल्यासारखं पळून!"

पोराला हुरूप आला. दुसऱ्याच दिवसापासून तो पहाटे डांबरी सडकेवर पळू लागला. तीन आठवड्यांनी नडगी दुखू लागली. त्याने कोणाला सांगितले नाही. शेवटी हाडाला पुन्हा चीर गेली. भरतीचे वय अंथरुणातच निघून गेले.

मी त्याला शाबासकी दिली, पण सबुरी शिकवली नाही. म्हणून आज हा धडा लिहीत आहे.

आता एका परदेशी गड्याची गोष्ट ऐका. त्याचे नाव आलँ मिमून. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर अल्जीरिया नावाचा देश आहे. तिथे १९२१ साली एका गरीब घरात तो जन्मला. त्या वेळी तिथे फ्रान्सचे राज्य होते. मिमून फ्रान्सच्या फौजेत शिपाई झाला. दुसऱ्या महायुद्धात तो इटली देशात लढायला गेला. आपल्या मराठा पलटणीचे जवानही त्या वेळी इटलीत लढत होते. १९४४ साली कासिनो येथील लढाईत तोफगोळ्याचे तुकडे मिमूनच्या पायात घुसले. पाय कापण्याची वेळ आली होती. तो थोडक्यात वाचला.

असा माणूस पुन्हा धावेल, असे कोणाला वाटेल का? पण मिमून धावला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत तो दहा हजार मीटरच्या, म्हणजे दहा किलोमीटरच्या शर्यतीत दुसरा आला. १९५२ साली हेलसिंकी येथे तो दोन शर्यतींत दुसरा आला. तिन्ही वेळा त्याच्या पुढे एकच माणूस होता. तो म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. दोघांची मोठी मैत्री होती.

पुढे १९५४ साली मिमूनला दुसरे दुखणे लागले. कमरेपासून पायापर्यंत सणक जाऊ लागली. या रोगाला सायटिका म्हणतात. आता हा गडी संपला, असे लोकांना वाटले. तरी तो त्यातूनही उठला. १ डिसेंबर १९५६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात तो मॅरेथॉन शर्यतीला उभा राहिला. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. एवढ्या लांबीची ही त्याची पहिलीच शर्यत. वय पस्तीस. वर कडक ऊन. मिमूनने २ तास २५ मिनिटांत शर्यत संपवली आणि पहिला आला.

झाटोपेकही त्या शर्यतीत होता. पण त्याच वर्षी त्याच्यावर अंतर्गळाची शस्त्रक्रिया झाली होती. तो सहावा आला. मिमून शेवटच्या रेषेजवळ त्याची वाट पाहत थांबला होता. मित्र जिंकला हे कळताच झाटोपेकने डोक्यावरची टोपी काढली, सलाम केला आणि त्याला मिठी मारली.

जखम १९४४ ची आणि सोने १९५६ चे. मधली बारा वर्षे विसरू नका.

शरीर परत येते, पण एकदम येत नाही. सारे अवयव एकाच चालीने सुधारत नाहीत. अंथरुणावर पडून राहिले की मांस झडते आणि दम कमी होतो. पुन्हा हालचाल सुरू केली की काही आठवड्यांत दम वाढतो. मांसही भरू लागते. पण शिरा, म्हणजे मांसाला हाडाशी बांधणारे दोर, आणि हाडे यांना महिनेच्या महिने लागतात. छाती म्हणते "पळ", आणि हाड म्हणते "थांब". छातीचा आवाज मोठा असतो. हाडाचा आवाज ऐकू येत नाही. माणूस फसतो तो इथेच. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, अशी त्याची गत होते.

मग करावे काय? आधी डॉक्टरांना विचारावे. क्षयाचे औषध बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. ताप अंगात असताना धावू नये. त्याने हृदयाला अपाय होऊ शकतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी चालावे. न दुखता, न लंगडता अर्धा तास चालता आले, की पुढची पायरी. एक मिनिट हळू धावावे, दोन मिनिटे चालावे. असे वीस मिनिटे करावे. एक दिवस धावावे, एक दिवस विसावा घ्यावा. हाडे आणि शिरा विसाव्यातच घट्ट होतात. दर आठवड्याला थोडेच वाढवावे. वीस मिनिटांची बावीस करावी, चाळीस करू नयेत. सडकेपेक्षा शेताकडची मऊ, सपाट वाट बरी. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली, तर वेग जास्त झाला असे समजावे. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, शेंगदाणे आणि जमेल तसे दूध किंवा अंडी खावीत. झोप पुरेशी घ्यावी.

दोन्ही पाय सारखेच अवघडले आणि दोन दिवसांत मोकळे झाले, तर भिऊ नका. पण हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल असे दुखत असेल, किंवा लंगडावे लागत असेल, तर थांबा. छातीत दुखले, चक्कर आली, तर लगेच दवाखाना गाठा. दुखणे लपवणे हा शूरपणा नव्हे.

आपला बैल दुखण्यातून उठला, तर आपण त्याला लगेच नांगराला जुंपतो का? नाही. आधी मोकळा हिंडवतो. मग हलकी गाडी. नांगर सर्वांत शेवटी. जी माया बैलाला, तीच आपल्या देहाला का नसावी?

तो माझा विद्यार्थी फौजेत गेला नाही. हाड सांधल्यावर तो पहिले दोन महिने नुसता चालला. मग वर्षभर हळूहळू वाढवत गेला. आज तो चाळिशीचा आहे. पहाटे शेजारच्या गावापर्यंत धावत जातो आणि धावत परत येतो. परवा मला वाटेत भेटला. मी म्हणालो, "दमानं रे बाबा!" तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, आता दमानंच."