बोनसचा नियम बदलला. तुमचं पोर्टल तयार आहे?

गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ‘धान खरेदीचं पोर्टल’ हा विषय इथे कुणालाही सुचेल. सातबारा नोंदवा, वजन टाका, शेतकऱ्याला किती पैसे मिळतील ते दाखवा. सोपंच वाटतं ना? पण मित्रांनो, हा हिशेब लिहिणार कुठे?

पहिला मोह स्क्रीनवरच्या बटणाचा! जावास्क्रिप्टमध्ये गुणाकार केला की काम झालं. मग मोबाइल अ‍ॅप येतं, तोच हिशेब तिथेही. रिपोर्टसाठी एसक्यूएलमध्ये पुन्हा एकदा.

आता खरी गोष्ट पाहा. साधारण धानाचा हमीभाव २०२३-२४ मध्ये २,१८३ रुपये क्विंटल होता, पुढच्या वर्षी २,३००. इथे फक्त आकडा बदलला. तो डेटाबेसच्या तक्त्यात हंगामानुसार ठेवला की झालं. बोनसचं तसं नाही. २०२०-२१ मध्ये तो क्विंटलमागे ७०० रुपये होता, ५० क्विंटलपर्यंत. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने हेक्टरी १५ हजार जाहीर केले, दोन हेक्टरपर्यंत. पुढच्या वर्षी हेक्टरी २० हजार. म्हणजे नुसता आकडा नाही, हिशेबाची रीतच बदलली.

समजा, अडीच हेक्टरवाला शेतकरी आहे. वेबसाइट म्हणते ४० हजार. अ‍ॅपमध्ये दोन हेक्टरची मर्यादा टाकायची राहिली, ते म्हणतं ५० हजार. रिपोर्ट अजून क्विंटलच मोजतोय. त्याने कोणता आकडा धरून उधारी फेडायचा वायदा करायचा?

म्हणून अशा नियमांना, म्हणजे ‘बिझनेस लॉजिक’ला, सर्व्हरवर एकच घर द्या. स्क्रीनने माहिती घ्यावी, कंट्रोलरने ती पुढे द्यावी, निर्णय मधल्या थराने घ्यावा. वेबसाइट, अ‍ॅप, रिपोर्ट, सगळ्यांनी त्यालाच विचारावं. वजन रिकामं राहिलं तर स्क्रीनने टोकावं, पण ती सोय झाली. ब्राउझरमधली तपासणी कुणीही चुकवू शकतो, म्हणून सर्व्हरने पुन्हा तपासायलाच हवं. उणे वजन किंवा एकच पावती दोनदा, हे डेटाबेसनेही अडवावं.

आपलं डिझाइन जमलंय का, हे बघायची एक सोपी परीक्षा आहे. ब्राउझर न उघडता, डेटाबेस न जोडता अडीच हेक्टरचा बोनस काढून बघा. २० हजारांच्या दराने ४० हजार आले, तर नियम योग्य घरी आहे. आणि उद्या सरकारने पुन्हा रीत बदलली, तर किती फाइली उघडाव्या लागतील? उत्तर ‘एक’ असेल, तर व्हायवाला बिनधास्त जा!