पोरीला आरोग्याच्या लायनीत घालायची, पण कुठून?

गेल्या खरिपात एका गावी कपाशीत कामगंध सापळे लावून परत निघालो होतो. पारावर एक ओळखीचे शेतकरी भेटले. म्हणाले, "साहेब, पोरगी बारावी झाली. बोलायला चुणचुणीत आहे. तिला आरोग्याच्या लायनीत घालायची. तालुक्याला एक संस्था आहे, सहा महिन्यांचा कोर्स, चाळीस हजार फी, सरकारी नोकरी पक्की म्हणतात. दहा हजार भरून आलो." मी जाहिरातीचा कागद उलटसुलट करून पाहिला. त्यावर ना कुठल्या परिषदेची मान्यता होती, ना विद्यापीठाचे नाव. नुसते लाल फुलीचे चिन्ह.

असे कागद तुमच्याही गावात आले असतील, म्हणून हा लेख.

आधी काम समजून घ्या. डॉक्टर औषध देतो, नर्स सुई देते. आरोग्य शिक्षकाने दुखणे येण्याआधी घरात पाऊल टाकायचे असते. आम्ही बियाण्या-खताचा विस्तार करतो, त्याने माणसाच्या तब्येतीचा करायचा. सोपे वाटते ना? मलाही वाटायचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून मी दर हंगामात चावडीवर सांगतो: डब्यावरचा त्रिकोण बघा, लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, तोंडाला फडके बांधा. सगळे माना डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी उघड्या अंगाने पंप पाठीवर घ्यायचे.

फरक पडला तो गावच्या आशाताईमुळे. तिने गड्यांना काही सांगितलेच नाही. ती बायांकडे गेली. "फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत भिजवू नका, धनी घरी आले की आधी साबणाने आंघोळ, मग भाकरी." घरातून धाक बसला तेव्हा गडी सुधारले. माझी कृषी पदविका तिथे कमी पडली, हे कबूल करायला मला लाज नाही. कोणाशी, कधी, कुठल्या शब्दांत बोलायचे हेच या धंद्याचे खरे शिक्षण.

आपल्या मुलखात हे जुने आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० साली जामखेडला (आताचा अहिल्यानगर जिल्हा) काम सुरू केले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित. त्यांना नियमित जामखेडला बोलावून शिकवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने थोडे शिकलेल्या गावच्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. त्या ३९ गावांतले नवजात बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. हा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आता वाटा. गावात राहूनच काम करायचे तर आशा. ही योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली; साधारण हजार लोकवस्तीमागे एक, आणि ती त्याच गावची हवी. प्रशिक्षण सरकार देते, फी नाही. पण लक्षात ठेवा, ही पगारी नोकरी नव्हे, मोबदल्यावरचे काम आहे. बारावी झालेल्या मुलीला एएनएमचा दोन वर्षांचा किंवा जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही हे पैसे भरण्याआधी बघा, नंतर नव्हे. घर सोडता येत नसेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पोषण व आरोग्य शिक्षणाची पदविका बारावीनंतर करता येते. पदवीनंतर दिंडीगुलजवळच्या गांधीग्राम संस्थेत आरोग्य शिक्षणाचीच पदविका आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. जिल्हा परिषदेत आरोग्य खात्याकडे विस्तार व माध्यमाची पदे असतात, पण जागा थोड्या. मुलांनीही मागे राहू नये, आरोग्य सेवकाचे काम पुरुषही करतात.

तयारी मात्र कॉलेजच्या आधी सुरू होते. मुलीला महिनाभर आशाताईबरोबर घरभेटीला पाठवा. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी बसू द्या. पाच घरांत ओआरएसचे पाणी कसे करायचे ते सांगू द्या, आणि आठवड्याने त्यांनाच करून दाखवायला लावू द्या. पाचातल्या तिघांनी चुकीचे केले तर दोष ऐकणाऱ्याचा नाही. हे जिला पटले, तिला पुढे पुस्तक जड जाणार नाही.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. आशाची निवड ग्रामसभेतून व्हायची असते. 'आपल्या माणसाची सून' या हिशेबाने ती झाली की पुढची पंधरा-वीस वर्षे त्या गावात गरिबाच्या दारात कोणी फिरकत नाही. अशी दोन गावे माझ्याच हद्दीत आहेत. त्या गावांत मी फवारणीबद्दल अजून एकटाच बोलतो.

पारावरच्या त्या काकांची मुलगी आता एएनएमला आहे, परिषदेची मान्यता असलेल्या शाळेत. आधी भरलेले दहा हजार मात्र परत मिळाले नाहीत. पावती नीट वाचली तेव्हा कळले, तिच्यावर फी नव्हे, 'देणगी' असे लिहिले होते.